हाताला एक वळसा

पाणी अजून आलेलं नव्हतं. नदीच्या पात्रात गोटे उघडे पडले होते. त्या गोट्यांवर टेकवलेल्या निळ्या रबरी होडीत आम्ही सहाजण, डोक्यावर हेल्मेट आणि हातात वल्ही घेऊन, एसटीची वाट बघावी तशी पाण्याची वाट बघत बसलो होतो.

"चारे, नदीतच पाणी नाही. चल घरी," मी म्हटलं.

"येईल. साडेनऊला सोडतात."

"नदी म्हणजे काय नळ आहे?"

"आहेच नळ. वर वीज करून झाली की ते पाणी इकडे सोडतात. तीन-चार तास. मग बंद. आपल्या रोह्याला ते पोचतं तेव्हा तू घाटावर जातेस आणि म्हणतेस, आज नदी भरली वाटतं."

होडीतले बाकीचे हसले. पनवेलचे गुप्ते म्हणून एक गृहस्थ होते, त्यांची बायको आणि दोन मेहुण्या. मेहुण्यांचं हसणं जरा जास्त वेळ चाललं. आम्ही पन्नाशी उलटलेल्या दोन बायका, एकीने मुलाची ट्रॅकपँट घातलेली, दुसरीने पंजाबी ड्रेसच्या ओढणीवर सेफ्टी पिना मारलेल्या. हसू येणारच.

मी त्रेपन्न वर्षांची होते आणि चारुशीला चोपन्न. एकाच वर्षी लग्न होऊन आम्ही रोह्याच्या एकाच आळीत आलो, समोरासमोरच्या घरांत. तिचा नवरा लवकर गेला. मकरंद तेव्हा चौथीत होता. तिने शिवणयंत्र घेतलं आणि आळीतली एकूण एक पोलकी तिच्या हाताखालून जायला लागली. कात्री अशी चालवायची की खडूची रेघ मधोमध फाटावी. माप एकदा घेतलं की लिहून ठेवायची नाही. "तुझा डावा खांदा उतरता आहे, उजवा नाही," हे तिने मला पंचविसाव्या वर्षी सांगितलं. तोवर माझ्या आईलाही ते ठाऊक नव्हतं.

त्या होडीत आम्ही होतो तेही तिच्या शिवणामुळेच. कोलाडच्या पुढे ज्यांनी हा होड्यांचा धंदा नवा नवा सुरू केला होता, त्यांच्या जॅकेटांचे पट्टे उसवत. ते सगळे चारूकडे यायचे. जाड सुई लावून ती दुहेरी टीप मारून द्यायची. एकदा मालक म्हणाला, ताई, एकदा बसून तरी बघा आमच्या होडीत, मैत्रिणीलाही आणा. एवढंच निमित्त. मी चार दिवस नाही नाही म्हणत होते. मला पोहता येत नाही. चारू माहेरी खाडीकाठची, मासोळीसारखी पोहायची.

"हा बघ," तिने माझ्या जॅकेटचा खांद्यावरचा पट्टा ओढून दाखवला. "ही माझी टीप आहे. तू बुडायचं म्हटलंस तरी हा बुडू देणार नाही."

होडी चालवणारा बाळाराम तिथलाच, नदीकाठच्या गावचा, चाळिशीचा माणूस. पाणी यायच्या आधी तो सगळ्यांना नियम सांगत होता. पाण्यात पडलात तर उठून उभं राहायचं नाही, पाय दगडात अडकतो. पाठीवर पडायचं, पाय पुढे, आणि वाहत जायचं. खाली किसन त्याच्या छोट्या होडीत थांबलेला असतो, तो उचलतो. मग त्याने एक लाल पिशवी दाखवली. तिच्यात दोर भरलेला होता. कोणी पडलं की ही पिशवी त्याच्याकडे फेकायची.

"आणि हा दोर कोणाच्याही हातात आला, पाण्यातल्याच्या किंवा वरच्याच्या, तर नुसता मुठीत धरायचा. हाताला गुंडाळायचा नाही. काही झालं तरी नाही."

"अरे, वीस वर्षं विहिरीवर पाणी ओढलंय मी," चारू म्हणाली. "मला दोर धरायला शिकवतोस?"

आमच्या आळीच्या विहिरीला रहाट नव्हता. कठड्यावर पाय रोवून हाताने ओढायचं. सासवा पहिल्याच दिवशी शिकवायच्या, दोराचा हाताला एक वळसा घे, नाहीतर भरला पोहरा सुटेल. ते इतकं अंगात भिनलं होतं की वाळत घालायची दोरी बांधतानाही आमचा हात आपोआप वळसा घ्यायचा.

"काकी, पोहऱ्याला आपण ओढतो," बाळाराम म्हणाला. "इथे वाहतं माणूस आपल्याला ओढतं. वळसा घेतलात की मग सोडायचं तुमच्या मर्जीवर राहत नाही. समजलं?"

"समजलं, मास्तर."

तेवढ्यात वरच्या वळणावरून आवाज आला. आधी वाटलं वारा सुटला. मग गोट्यांमधून पाण्याच्या जिभा सरकत आल्या, होडीच्या खाली शिरल्या, आणि पाच मिनिटांत आम्ही तरंगत होतो. गुप्ते ओरडले, "गणपती बाप्पा..." मेहुण्या ओरडल्या, "मोरया!" चारूही ओरडली. मी दोन्ही हातांनी होडीच्या कडेची दोरी धरली आणि डोळे मिटले.

पहिले तीन-चार फेसाळ उतार मला आठवतात ते फक्त पोटातल्या खड्ड्यावरून. बाळाराम मागून "फॉरवर्ड, फॉरवर्ड" म्हणायचा, बाकीचे वल्ही मारायचे, गार पाणी थोबाडीत मारल्यासारखं यायचं, आणि चारू हसत असायची. इतकी हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

"पमे, डोळे उघड! उगाच आलीस का?"

"उगाचच आले."

"घरी जाऊन काय करणार आहेस? डाळ निवडणार?"

"हो. डाळ निवडीन. डाळीने अजून कोणाला बुडवलं नाही."

त्यानंतरचा उतार मोठा होता. नदी तिथे दोन खडकांच्या मधून वळते. होडी वळली नाही. उजवी बाजू खडकावर चढली, डावी खाली गेली आणि मी डावीकडे होते.

पाण्याखाली आवाज नसतो. एक हिरवा अंधार असतो आणि नाकात आग. मग जॅकेटने मला खेचून वर काढलं. मला गुप्ते दिसले. माझ्याबरोबर तेही पडले होते. ते पाठीवर पडून, पाय पुढे करून, सांगितलं होतं तसे वाहत गेले. फेसातून खाली गेले, पुन्हा वर आले, आणि खालच्या संथ पाण्यात किसनने त्यांना त्यांच्या जॅकेटला धरून आपल्या होडीशी ओढून घेतलेलं मी पाहिलं. त्यांनी हात वर करून बायकोला दाखवला. हे सगळं मी पाहिलं. हे मी आधी सांगून ठेवते.

माझ्या तोंडावर लाल पिशवी येऊन आपटली. मी दोर धरला. दोन्ही मुठींनी, छातीशी.

वर होडी खडकावर तिरकी अडकली होती. बाळाराम आणि चारू तिच्यातून खडकावर उतरले होते. दोराचं दुसरं टोक बाळारामच्या हातात होतं आणि तो मला काठाकडे झुलवत आणू बघत होता. पण मध्ये एक दगड दोराला आडवा आला. मी काठाकडे जाईना. धारेच्या मधोमध लटकून राहिले, आणि सगळी नदी माझ्या डोक्यावरून जायला लागली. एक श्वास मिळायचा, मग दोन-तीन वेळा नुसतं पाणी. पुन्हा एक श्वास.

त्याच वेळी होडी खडकावरून सरकली. तिच्यात तिघी बायका होत्या आणि चालवायला कोणी नव्हतं. गुप्त्यांच्या बायकोची किंकाळी मला पाण्यातही ऐकू आली. बाळारामने दोर चारूच्या हातात कोंबला, काहीतरी ओरडला आणि उडी मारून होडीत पडला. होडी त्या तिघींना आणि त्याला घेऊन खाली गेली.

खडकावर चारू एकटी राहिली. आणि मी तिला वळसा घेताना बघितलं.

विचार करून तिने तो घेतला नाही. पाय रोवले, कंबर मागे टाकली, आणि उजव्या हाताला दोराचा वळसा दिला. विहिरीवर हजार वेळा दिला होता तसाच. पुढच्याच क्षणाला धारेने मला खाली खेचलं आणि ती वाकली, गुडघ्यांवर आली. डाव्या हाताने तो वळसा सोडवायची तिची धडपड मला दिसली. माझं सगळं वजन आणि नदीचं वजन त्या दोरावर होतं. तिला तो सोडवणं शक्य नव्हतं. दोर सैल पडायचा तर एकाच टोकाने पडू शकत होता.

किसन खालून हात हलवत होता. चारूचं तोंड हलत होतं. आम्हां दोघींच्या मध्ये वीस-पंचवीस फूट अंतर असेल.

मला वर काढतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कोणीतरी येईल आणि मला वर काढेल. माझ्या खाली जे फेसाळत होतं तिकडे पाठ करून मी त्या दोराला धरून राहिले. पाणी तोंडात जायचं, मी ओकायचे, परत जायचं. मी देवाचं नाव घेतलं नाही. मुलीची आठवण आली नाही, ह्यांची आली नाही. लोक सांगतात, तसं मला काही दिसलं नाही. मला फक्त माझ्या मुठी दिसत होत्या, पांढऱ्या पडलेल्या, आणि त्यांच्यापुढे ताठ दोर, आणि दोराच्या शेवटी चारूचा हात. आधी तो लाल होता. मग वळसा पंज्यावरून सरकत बोटांवर आला. मग त्या बोटांचा रंग मी ओळखेनासा झाला.

चारू खडकाच्या कडेला सरकत होती. तिने एका दगडाला टाच लावली आणि ती तिथे थांबली. आडवी, हात पुढे ताणलेला.

किसन कडेकडेने धारेच्या उलट होडी वर कशी घेऊन आला ते मला कळलं नाही. त्याने मागून माझ्या जॅकेटचा पट्टा धरला आणि कानात ओरडला, "सोडा!" माझ्या मुठी उघडेनात. त्याने कमरेची सुरी काढली आणि माझ्या हातापुढे दोर कापला.

मग काय झालं? काही नाही. आम्ही फेसातून गेलो, माझ्या नाकात पाणी गेलं, आणि मी मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत संथ पाण्यात होते. पाणी तिथे आमच्या घाटावर असतं तसं होतं. काठावर एक बाई गोधडी धूत होती. ती धुणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

"चार मिनिटं तरी लटकलात तुम्ही, काकी," किसन म्हणाला. तो धापा टाकत होता. "चार मिनिटं."

मी गोट्यांवर बसले आणि वर बघत राहिले. वळणामुळे तो खडक दिसत नव्हता. किसन पुन्हा तिकडे गेला होता. मी जो भेटेल त्याला म्हणत होते, "पाणी बंद करा. पाणी बंद करायला सांगा ना कोणीतरी!" कोणीतरी फोनही केला. उत्तर आलं, आत्ता बंद केलं तरी सुटलेलं पाणी इथून उतरायला तास लागेल. गुप्त्यांच्या बायकोने मला टॉवेल दिला. त्या मघाच्या मेहुण्या रडत होत्या. मी रडत नव्हते. मी आपलं म्हणत होते, पाणी बंद करा.

तिला आणलं तेव्हा तिचा हात मांडीवर होता, कुर्त्याच्या घेरात गुंडाळलेला. कुर्ता मूळचा पिवळा होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आहेस ना?" आणि जीपमध्ये चढली.

रोह्यात डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच मुंबईला न्यायला सांगितलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची दोन. अंगठा राहिला, पण तो पुढे कधी नीट मिटला नाही.

तिसऱ्या दिवशी मी मुंबईला गेले. वॉर्डात मकरंद होता आणि किसनही आला होता, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन. मकरंद भांडायच्या तयारीत होता.

"तक्रार करणार आहे मी. एका बाईच्या हातात दोर देऊन हा बाळाराम जातो कसा?"

"होडीत तिघी होत्या," चारू म्हणाली. "आणि त्याने मला सांगितलं होतं, गुंडाळू नका. मीच गुंडाळला. सवय. त्याच्यावर तक्रार केलीस तर मी घरी येणार नाही."

किसन मान खाली घालून उभा होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी खालून सारखा ओरडत होतो. काकी, सोडा, सोडा. काकींनी सोडला असता तर..."

मकरंद माझ्याकडे वळला. त्याला मी कडेवर खेळवलं होतं. "मावशी, तुम्हाला ऐकू नाही आलं?"

"नाही रे," मी म्हटलं. "काहीच ऐकू येत नव्हतं. पाण्याचा आवाज..."

मी वाक्य पुरं केलं नाही. ते चारूने केलं.

"तिला कसं ऐकू येणार? मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. आणि तिला पोहता येतं का? सोडून जाणार कुठे होती ती? मोसंबी सोल कोणीतरी."

विषय संपला. मकरंदने मोसंबं सोललं आणि पहिली फोड मला दिली.

घरी आल्यावर दोन महिने ती यंत्राला शिवली नाही. मग तिने मुंबईहून डाव्या हाताची कात्री मागवली. सुरुवातीला जुन्या चादरी कापायची, तासन् तास, ओठ दाबून. चादरीच्या पट्ट्यांचा ढीग पडायचा. एकदा मी मदत करायला गेले तर म्हणाली, "ढीग उचल, कात्रीला हात लावू नकोस." पुढे ती परकर शिवायला लागली, साडीला फॉल लावायला लागली, आणि गणपती झाल्यावर तिने पहिलं पोलकं कापलं, शेजारच्या मुग्धाचं. गळा एका बाजूला उतरला. मुग्धाने ते घालून आळीभर दाखवलं आणि आणखी दोन कापडं दिली. मग सगळ्याच द्यायला लागल्या. ज्यांच्या अंगाला ते बसायचं नाही त्या घरी उसवून परत शिवायच्या, पण तिच्याकडेच द्यायच्या.

दिवाळीला आठ दिवस होते तेव्हा मीही घेऊन गेले. ह्यांनी महेश्वरी साडी आणली होती. तिच्यावरचं कापड होतं, जांभळं, बारीक जरीचं. दुपारची वेळ होती. तिची सून स्वयंपाकघरात होती. चारू यंत्रावर बसली होती.

"बघ कसं आहे," मी म्हटलं.

तिने कापड डाव्या हातात घेतलं, अंगठ्याने चुरून पाहिलं, उजेडात धरलं. "छान आहे. अस्तर लागेल."

"लाव की मग. माप तर तुला पाठच आहे."

तिने कापडाची घडी घातली. एका हाताने घडी घालायची तिची आता रीत झाली होती, मांडीवर ठेवून, हनुवटीने दाबून. मग तिने ती घडी माझ्या मांडीवर ठेवली.

"हे दुसरीकडे दे शिवायला."

मला वाटलं, जरीला घाबरते आहे. "अगं, बिघडलं तर बिघडलं. मला चालेल."

"बिघडणार नाही. परवा वकिलांच्या सुनेचं पैठणीचं शिवलं मी."

"मग?"

तिने यंत्राचं चाक हाताने अर्धं फिरवलं आणि थांबवलं. आवाज चढवला नाही.

"तुला ऐकू आलं होतं, पमे."

मी घडीकडे बघत बसले.

"पहिल्यांदा मी म्हटलं, पमे सोड. तू माझ्याकडे बघितलंस. मग मी म्हटलं, माझा हात जातोय गं, सोड. तू माझ्या हाताकडे बघितलंस. नीट बघितलंस. आणि दोर आणखी जवळ घेतलास. मग मी तिसऱ्यांदा म्हटलं नाही."

"चारू..."

"काही बोलू नको. तू काही बोललीस तर मला त्याच्यावर काहीतरी म्हणावं लागेल." तिने सुईत दोरा ओवायला घेतला. सुई दातांत धरायची आणि डाव्या हाताने दोरा आणायचा. दोनदा हुकला. मी हात पुढे केला नाही. तिसऱ्यांदा ओवला गेला. "आळीतल्या सगळ्यांचं शिवीन. तुझ्या अंगाला टेप लावणं मला जमायचं नाही. एवढंच."

मग तिने मान वळवून आत हाक मारली, "अगं, चहा टाक. पमामावशीचा बिनसाखरेचा."

मी तो चहा सगळा प्यायले. तिने विचारलं, चकल्या झाल्या का. मी सांगितलं, उद्या करणार आहे, भाजणी दळून आणलीय. ती म्हणाली, मोहन कमी घाल, गेल्या वर्षी तुटत होत्या. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः येऊन माझ्या चकल्या तळल्या.

त्यानंतर ती अकरा वर्षं होती. रोज संध्याकाळी मी तिच्याकडे किंवा ती माझ्याकडे. ती आजारी पडली तेव्हा रात्रंदिवस मीच होते तिच्यापाशी. शेवटच्या आठवड्यात ती माझ्याशिवाय कोणाच्या हातून पाणी घेत नव्हती. आमच्यासारखं सख्य रोह्यात दुसरं नाही, असं लोक म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ते जांभळं कापड मी नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतलं. त्यानंतरची सगळी पोलकी तिथूनच.

तिची सून अजून कधीतरी विचारते. चांगली मुलगी आहे, मनात काही नसतं. "मावशी, आईंनी त्या हाताने अख्ख्या आळीचं शिवलं. तुमचं एकही कसं नाही?"

"डाव्या हाताचं काम गं," मी सांगते. "माझ्या अंगाला बसायचं नाही."